मैदानात लावलेला भात

साहेब, नसलेल्या मैदानाचे पैसे तुम्ही घेतलेत. दोन वर्षं घेतलेत आणि तिसऱ्या वर्षी दुप्पट मागितलेत. ज्यांनी दिले नाहीत त्यांना परीक्षेला बसू दिलं नाहीत. हे मी तोंडावर सांगते, कारण मला तुमची भीती नाही. माझं काय करणार आहात? निकाल राखून ठेवणार?

मित्रांनो, मी एक जुनं इरलं आहे. सूर्यमाळच्या एका पाड्यावर फागूबाबाने मला विणलं. बांबूच्या कामट्या त्याने इतक्या तासल्या की बोट फिरवलं तरी कुसळ लागू नये. कामट्यांच्या दोन जाळ्यांमध्ये पळसाची पानं दाबून बसवली आणि मला पंधरा दिवस चुलीच्या धुरात टांगलं. रंग काळा झाला, पण कीड लागली नाही.

माझी मालकीण सरू. आवणीत, म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायच्या दिवसांत, ती मला डोक्यावरून पाठीवर घ्यायची. ती वाकली की वर मी, खाली तिचं कोरडं अंग, आणि दोन्ही हात मोकळे. छत्रीला हे जमत नाही. बांधावर बाया माझं कौतुक करायच्या. मग प्लास्टिकचे कागद आले आणि मी शेळ्यांच्या गोठ्यावर जाऊन पडले. एकदा शिरपामाळ बघायला आलेल्या एका पाहुण्याने मला भिंतीवर लावायला मागितलं. सरूने विचारलं, "तुमच्या घरात भिंतीवर पाऊस पडतो का?"

मला पुन्हा खाली काढलं ते कोंडीने. कोंडी सरूची मुलगी, कॉलेजात शेवटच्या वर्षाला चाललेली. सरकारची शिष्यवृत्ती होती, पण संस्थेने 'मैदान विकास शुल्क' म्हणून वेगळंच काढलं होतं. ते शिष्यवृत्तीत बसत नव्हतं. पहिल्या वर्षी दोन बोकड विकले. दुसऱ्या वर्षी कोंडीने सुट्टीत ठाण्याला जाऊन विटा उचलल्या. तिसऱ्या वर्षी रक्कम दुप्पट झाली आणि गोठा रिकामा होता. ऑफिसातला माणूस गोड हसून म्हणाला, "कर्ज काढ ना. फॉर्म माझ्याकडेच आहे. शुक्रवारपर्यंत आईचा अंगठा आण, नाहीतर नाव कमी."

फॉर्म भिजू नये म्हणून कोंडीने तो माझ्या कामट्यांत खोचला. सरूने अंगठा दिला नाही. "आधी मैदान दाखवा म्हणावं," ती म्हणाली.

शुक्रवारी पाड्यापाड्यांवरची साठेक मुलं कॉलेजच्या दारात बसली. त्यांच्या आया आवणी उरकून तशाच आल्या, पाठीवर इरली, कागद, आणि हातात उरलेल्या रोपांच्या मुठी. आमच्याकडे उपटलेलं रोप फेकत नाहीत. आपलं भाताचं खाचर भरलं की उरलेलं रोप ज्याच्याकडे जागा असेल त्याला देतात. कॉलेजचे मोठे साहेब दुपारपर्यंत भेटले नाहीत. रोपांचे शेंडे पिवळे पडायला लागले. तेवढ्यात सरूची नजर कॉलेजमागे गेली. गुडघाभर चिखल, वर साचलेलं पाणी.

"हे खाचर कोणाचं ग? आजून पडीकच?"

"आये, खाचर नाय ते. मैदान हाय. त्याचेच पैसे मागतात."

"असं होय," सरू म्हणाली. "चिखलणी मात्र झकास केलीय. चल, रोप वाळतंय."

आणि मला पाठीवर घेऊन ती उतरली. मागून तिची शेजारीण जयवंती, मग बाकीच्या बाया, मग वह्या बाजूला ठेवून साठ मुलं. एका ओळीत, वाकून, उलट्या पावलांनी. शहाण्यासारखं अर्ज करून जे झालं नव्हतं ते चिखलात व्हायला लागलं. घोषणा कोणी दिली नाही. आवणीचं गाणं मात्र ऑफिसच्या खिडकीपर्यंत पोचलं.

साहेब धावत आले. दुसऱ्या दिवशी तपासणीला समिती यायची होती, आणि कागदावर तिथे धावपट्टी होती.

"सावळा, उपटून टाक हे सगळं."

सावळा कॉलेजचा शिपाई, मूळ आमच्याच भागातल्या पोशेऱ्याचा. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखलात उतरला, आणि एका पोराने वाकडं लावलेलं रोप सरळ केलं.

"साहेब, लावलेला भात मी उपटत नसतो. पाहिजे तर नोकरी घ्या."

मग कोंडी पुढे झाली. तिचे पाय चिखलाने माखलेले, आवाज स्वच्छ. "साहेब, हे मैदान असेल तर उद्या समितीला आम्हीच फिरवून दाखवतो. खाचर असेल तर खाचराची फी आम्ही भरत नाय. काय ते तुम्ही ठरवा."

मैदान व्हायचं आहे, असं समितीला सांगता आलं असतं. भातात धावपट्टी दाखवता आली नसती, आणि फी सोडली तर निदान ही पोरं समितीला इथे घेऊन येणार नव्हती. साहेबांनी कपाळ पुसलं.

"खाचर," ते म्हणाले.

"लेखी द्या."

"इथे चिखलात कागद कुठून आणू?"

कोंडीने माझ्या कामट्यांतून कर्जाचा फॉर्म काढला आणि उलटा धरला. "मागची बाजू कोरी हाय."

मैदान विकास शुल्क रद्द, सर्वांचे प्रवेश कायम. सही झाली, सावळाने ऑफिसातून आणलेला शिक्का उठला. सरू म्हणाली, "आता घ्या पाहिजे तर माझा अंगठा, साक्षीला." त्या दिवशी जव्हार-मोखाड्याच्या रस्त्याने साठ मुलं भिजत, गात गेली. मी वरच्या वर, तो कागद पोटात धरून.

कार्तिकात भात कापला. कॉलेजच्या व्हरांड्यात शिजवला आणि सगळ्यांनी खाल्ला. सावळाला पहिलं ताट. कोंडी पहिल्या वर्गात पास झाली. तिने फागूबाबाकडून शिकून माझी पानं स्वतः बदलली. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं काही असेल तर ते भिंतीवर टांगू नका. डागडुजी करा आणि वापरा. आम्ही पुन्हा कामाला उभे राहतो.

पण साहेब, तुम्ही जाऊ नका. माझं संपलेलं नाही. जयवंतीचा मुलगा लाडक्या हा कोंडीच्याच वर्गात होता. मैदानाचे पैसे नव्हते म्हणून दुसऱ्या वर्षी तुम्ही त्याला परीक्षेला बसू दिलं नाहीत. तो आज भिवंडीच्या गोदामात खोकी उचलतो. मैदान नव्हतं, हे तर तुम्हीच सहीशिक्क्याने कबूल केलंत. मग आधीच्या दोन वर्षांचे पैसे कुठे आहेत? आणि लाडक्याचं वर्ष कोण परत देणार? तोंडी नको, लेखी द्या. कागद मी भिजू देत नाही. कधी देताय?