डोंगराची वरची बाजू

दगड डोंगरातून सुटण्याआधी त्याच्या अंगावर लाल रंगाचा बाण काढायचा, टोक आभाळाकडे. एवढंच त्या माणसाचं काम, आणि त्यावरूनच सगळे त्याला बाणवाला म्हणत. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण नदीकाठचा तो सगळा डोंगर वाळूच्या दगडाचा, थरावर थर बसून झालेला. डोंगरात दगड जसा निजला होता तसाच भिंतीत निजवला तर पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. कडेवर उभा केला की ओल पितो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. सुक्या दगडात थर दिसत नाहीत. ओल्यात दिसतात, पण असे तिरपेतारपे की बघणाऱ्याची मती गुंग व्हावी. म्हणून गवंडी डोळ्यांवर नाही, बाणावर भरवसा ठेवतो.

आणि आता बाणच संशयात सापडला होता. नव्या पुलाच्या खांबाला लावलेल्या बावीस दगडांपैकी सातांना पाणी लागताच पापुद्रे सुटले. खांब बांधणारा गवंडी कुणी परका नव्हता, बाणवाल्याचा सख्खा मेव्हणा होता.

"दाजी, बाण चुकलेत," मेव्हणा म्हणाला.

"आभाळ कुठे आहे ते मला कळत नाही का? तूच उलटेसुलटे लावले असशील."

"मी बाण बघून लावलेत."

"आणि मी आभाळ बघून काढलेत!"

पुलाच्या साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. शनिवारपर्यंत चूक कोणाची ते ठरवा, ज्याची असेल त्याने पुढे कामावर यायचं नाही, असं सांगून ते मोकळे झाले.

हे भांडण नवीन असतं तर गोष्ट वेगळी. एक पिढी आधी बाणवाल्याचे वडील बाण काढायचे आणि त्याचे सासरे भिंती बांधायचे. शाळेची भिंत अशीच सोलून निघाली. 'दगड खोटा नाही, बाण खोटा नाही, मग खोटं कोण?' असं बाणवाल्याच्या वडिलांनी चार माणसांत विचारलं. त्यानंतर सासऱ्यांना कुणी साधा ओटाही बांधायला बोलावलं नाही. पुढे त्याच दोन घरांतल्या मुलाने आणि मुलीने हट्टाने लग्न केलं, तेव्हा दोन्ही घरच्या बायकांनी एकच अट घातली: दगडाचा विषय घरात काढायचा नाही. सव्वीस वर्षं ती अट दोघांनी डोळ्यांत तेल घालून पाळली होती. जेवताना पावसाबद्दल बोलायचे, वांग्यांबद्दल बोलायचे, दगडाबद्दल चकार शब्द नाही.

शनिवारी सकाळी बाणवाला कड्याखाली जाऊन उभा राहिला. हा कडा वडिलांचा आवडता. इथला दगड लोण्यासारखा कापला जायचा. सोललेले सातही दगड इथलेच होते. त्याने बादलीभर पाणी मारलं आणि दगडाला नाक लावून रेघा बघितल्या. डावीकडे रेघा खाली उतरत होत्या, उजवीकडे वर चढत होत्या, आणि मधे चांगली हातभर रुंद पांढरी पट्टी सरळ उभी गेली होती. त्याने मान वाकडी करून पाहिलं. मग खाली वाकून, दोन पायांमधून पाहिलं. आभाळ जिथल्या तिथे होतं. मग चुकलं काय? दुपारपर्यंत त्याला आपलं नाव सोडून कशाचीच खात्री उरली नाही.

मेव्हण्याला निदान भेटावं म्हणून तो काठावर आला. पुलाचा खांब पलीकडच्या काठाला, रस्त्याने जायचं तर तीन तास. समोर नाव लागलेली. नाव त्याच्या बायकोची. तीस वर्षं ती माणसं या काठावरून त्या काठावर नेत होती आणि नवरा मात्र पाण्याला इतका भ्यायचा की एकदाही नावेत बसला नव्हता. गावाला हसायला तेवढं पुरेसं होतं.

"अहो, तुम्ही?" ती म्हणाली. "चढा. मधेच उभे राहू नका म्हणजे झालं."

तो डोळे मिटून बसला. नाव मध्यावर आली तशी ती म्हणाली, "आता उघडा, बुडत नाही." त्याने उघडले, पाण्याकडे बघवेना म्हणून डोंगराकडे पाहिलं, आणि तसाच बघत राहिला. आयुष्यभर ज्याला नाक लावून जगला तो डोंगर त्याने अख्खा पहिल्यांदाच पाहिला. पांढरा पट्टा कमरेला बांधल्यासारखा डोंगरभर आडवा गेला होता. फक्त वडिलांच्या आवडत्या कड्याच्या वर तो एकाएकी तुटला होता, तिथे मोठी खोबण होती, आणि खाली कड्यात तोच पट्टा ताठ उभा होता.

"तो कडा..." त्याने बोट दाखवलं. "तो वरून पडलाय. कुशीवर पडलाय. त्याची वरची बाजू आभाळाकडे नाहीच."

"हो की. पडलाच आहे. माझ्या आजीच्याही आधीचा असेल."

"तुला ठाऊक होतं?"

"रोज दिसतो तो मला. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. आणि दगडाबद्दल विचारणार कसं?"

तिचे हात चालता चालता थांबले. नाव प्रवाहाबरोबर हळूहळू वाहू लागली.

"अहो," ती म्हणाली, "शाळेचा दगड कुठला होता?"

"याच कड्याचा."

तिने वल्ही आत घेतली आणि पदर तोंडाला लावला. त्याला भीती वाटली, लाज वाटली, वडिलांचा राग आला आणि त्यांची कीवही आली. त्यांनीही आभाळच पाहिलं होतं. मग तिने वल्ही पुन्हा पाण्यात घातली. "माझ्या भावाला तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाने."

मेव्हणा खांबापाशी आपली थापी, ओळंबा, दोरी पिशवीत भरत होता. बाणवाल्याने धापा टाकत सगळं सांगितलं: पट्टा, खोबण, कुशीवर पडलेला कडा, शाळेची भिंत. मेव्हणा ऐकत राहिला, पण पिशवी भरायचा थांबला नाही.

"मी आत्ताच साहेबांना सांगून आलो," तो म्हणाला. "चूक माझी आहे म्हणून."

"अरे, पण का?"

"दाजी, मी सातही दगड काढून पाहिले. कुठे चुकलं ते कळेना. बाबांनाही शेवटपर्यंत कळलं नाही, शाळेसमोर जाऊन बसायचे. मला वाटलं, आमच्या हातातच काहीतरी खोट असेल."

नाव बांधून मागून आलेली त्याची बहीण पुढे झाली आणि तिने भावाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. बाणवाला तिथून निघाला तो तडक साहेबांच्या खोलीकडे.