बिशपचा हात न लागलेलं वस्त्र

ओहोटी लागली की खाडीतली वाट उघडी पडे. ती उघडली की राजाची माणसं पोरीला घेऊन निघणार होती. विल्स्विथच्या हातात तेवढाच वेळ होता.

खाडीकाठचा ख्रिस्ती मठ तिचा होता, ती तिथली प्रमुख. तीस बायका, वीस पुरुष, मेंढरं, मिठागर, सगळं तिच्या शब्दावर चाले. भलेभले भिक्षू तिच्यापुढे मान खाली घालत. पण समोर बसलेला राजाचा सरदार हुनफ्रिथ बार्लीची भाकरी चीजबरोबर निवांत चावत होता.

"माई, पोरीला दीक्षा झालीय का, एवढंच सांगा. झाली असेल तर आल्या पावली परत जातो. देवाच्या वाट्याचं राजा मागत नाही."

"झालीय!" कोठीवाली म्हातारी बुगा दारातूनच म्हणाली.

"असं होय? दीक्षेला केस कापतात ना? मग मघाशी कोंबड्यांमागे पळत होती, तिची वेणी कमरेपर्यंत कशी हो, आजीबाई?"

"राजानं तुला पोरींच्या वेण्या मोजायला धाडलंय का रे?"

हुनफ्रिथ हसला. विल्स्विथला खोटं बोलता आलं नाही.

ही पोर, बर्नविन, विल्स्विथच्या मेलेल्या भावाची लेक. अंगावरचं दूध तुटलं तशी ती आत्याच्या मांडीवर आली, आता तेरा वर्षांची झाली होती. गेल्या हिवाळ्यात बिशप आले, चौघींना दीक्षेचं डोईवरचं वस्त्र दिलं. पाचवं वस्त्रही तयार होतं, विल्स्विथनं स्वतः विणलेलं. पण बर्नविनला प्रार्थनेत हसू फुटे. कुणाचा सूर घसरला की संपलंच. ओठ दाबून दाबून बिचारीचे खांदे हलत. 'एवढ्यात नको,' विल्स्विथला वाटलं होतं, 'आणखी एक वर्ष हसू दे.' बिशपना म्हणाली, "पुढच्या वर्षी."

आता बिशप तीन दिवसांच्या वाटेवर. वस्त्र द्यायचं त्यांनीच, तेही ठरल्या सणालाच. शेत कुणी नांगरायचं, कुणाला शिक्षा, कुणाला माफी, सारं ती ठरवे. पण एका पोरीच्या डोक्यावर हातभर कापड घालायचा हक्क तिला नव्हता.

"उत्तरेकडच्यांशी सलोखा करायचाय," हुनफ्रिथ म्हणाला. "मुलगी दिली की वैर मिटतं."

"मिटतं? मलाही दिली होती रे. सात वर्षांनी माझ्याच भावांनी माझा नवरा मारला. तू होतास त्यांच्यात."

त्याचं चावणं थांबलं. "होतो," तो हळूच म्हणाला. "आपण हुकमाचे ताबेदार, माई."

तेवढ्यात बर्नविन धावत आली. "माई, तो पांढऱ्या पायांचा घोडा माझ्यासाठी आणलाय म्हणे! खरंच?"

"खरंच."

"अगंबाई! आणि परत कधी यायचं?"

बुगा डोळ्यांना बाही लावून बाहेर निघून गेली. विल्स्विथनं पोरीला पुढ्यात बसवलं आणि वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली. जितकं सावकाश विंचरता येईल तितकं सावकाश.

"आई गं, किती घट्ट! दुखतंय ना, माई."

तिनं पेड सैल केले.

खाडीतली वाट उघडी पडली. पोर घोड्यावर बसली तेव्हा विल्स्विथनं पेटीतलं ते पाचवं वस्त्र आणलं, तिला खाली वाकायला लावून, टाचा उंचावून तिच्या डोक्यावर घातलं आणि हनुवटीखाली गाठ मारली. मग हुनफ्रिथकडे पाहिलं.

त्यानं वस्त्राकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "बरं केलंत," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "खाडीवर वारा फार असतो."

घोडे चिखलातून निघाले. अर्ध्या वाटेवर गाठ सुटली आणि पांढरं कापड उडून चिखलात पडलं. एक शिपाई ते धरायला धावला, घसरला, बदकन बसला.

आणि वाऱ्यावरून बर्नविनचं हसू मठाच्या दारापर्यंत आलं.