चूक आमचीच

“इथे, आणि मागच्या पानावर इथे,” विमा कंपनीचा माणूस म्हणाला. पेनाचं टोपण त्याने स्वतःच काढून दिलं.

कारकुनाचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. उजवा मोकळा होता, पण तो मांडीवरून उठेना. पलंगावर बायको डोळे मिटून पडली होती. चादरीखाली तिचा एक पाय पूर्ण लांबीचा दिसत होता, दुसरा गुडघ्याखाली वीतभर जाऊन संपत होता. तिथून पुढे चादर सपाट होती.

“वाचून केली सही तर चालेल ना?”

“वाचा की! मी कधी घाई केली? दहा दिवस येतोय, एकदा तरी घाई केली का, सांगा.”

ती त्याने खरंच केली नव्हती. ट्रकने स्कूटरला चिरडलं त्याच्या पाचव्या दिवशी तो पहिल्यांदा वॉर्डात आला. ट्रकचा विमा त्याच्या कंपनीकडे होता. येताना दर वेळी फळं आणायचा, डॉक्टरांशी बोलायचा, आणि जाताना म्हणायचा, “आधी बरे व्हा. कागद काय, कुठे पळून जातायत?” आज पंधराव्या दिवशी मात्र कागद तयार होता. रुग्णालयाचा खर्च कंपनी माणुसकीच्या नात्याने करेल; स्कूटरचालकाने अपघातस्थळी स्वतः चूक मान्य केली असल्याने यापुढे त्याचा किंवा त्याच्या पत्नीचा कोणताही दावा राहणार नाही.

“हे चूक मान्य केल्याचं...” कारकून चाचरला.

माणसाने खेदाने मान हलवली आणि फोन त्याच्या कानाजवळ धरला. ट्रकचालकाने रस्त्यावर उभं राहून केलेलं रेकॉर्डिंग होतं. आधी चालकाचा आवाज, “डोळे फुटले होते का रे?” मग दुसरा, शांत, स्वच्छ, जरासा वाकलेला आवाज: “माफ करा, चूक आमचीच. तुम्हाला त्रास झाला.” त्यामागे एक बाई कण्हत होती.

आवाज त्याचाच होता. हे बोलल्याचं मात्र त्याला काडीचंही आठवत नव्हतं.

सव्वीस वर्षं तो पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीत बसत होता. गढूळ पाणी आलं, चूक आमचीच. बिल दुप्पट आलं, चूक आमचीच, बघतो. समोरचा ओरडायला लागला की हे वाक्य आपोआप बाहेर पडायचं. त्यासाठी मान वर करायचीही गरज नसे. खात्यात त्याला ‘दिलगीरसाहेब’ म्हणत. नव्या लोकांना त्याच्या खिडकीशेजारी बसवून सांगत, बघा, माणूस कसा थंड करायचा. रस्त्यावर आडवा पडलेला असताना कुणीतरी वरून ओरडलं, आणि खिडकी उघडली.

“दाजी, ते पेन खाली ठेवा.”

मेहुणी दारात उभी होती. शाळेत कवायत शिकवायची, त्यामुळे आवाज मैदानाच्या मापाचा. पलीकडच्या दोन पलंगांवरचे लोक उठून बसले.

“ताई, आम्ही समजुतीनेच...” विमावाला म्हणाला.

“मी तुमची ताई नाही. माझी ताई ही इथे झोपलीये. दाजी, काल मी दिलेला वकीलबाईंचा नंबर लावलात?”

“अगं, कोर्टकचेरी कशाला? आणि मी स्वतःच कबूल...”

“तुम्ही काय कबूल करत नाही! माझ्या लग्नात जेवण कमी पडलं तेव्हाही तुम्हीच माफी मागत फिरत होता. पाहुणे होता तुम्ही, पाहुणे!”

विमावाल्याने घड्याळ पाहिलं. “मी दुपारी एकपर्यंत खाली बसतो. उद्यापासून हे प्रकरण दुसऱ्याकडे जाईल. तो एवढंही देईल याची खात्री मी देऊ शकत नाही.”

बायकोने डोळे उघडले. ती त्याच खात्यात मीटर वाचायची. रोज चाळीस-पन्नास इमारती, तळघरं, जिने, गल्ल्या, सगळं पायी. गेल्या दहा दिवसांत पुढे काय, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं, आणि त्याने सांगितलं नव्हतं.

“अहो, जाऊन तर या,” ती म्हणाली. “तो एकपर्यंत कुठे जात नाही. आणि मी तर नाहीच नाही.”

वकीलबाईंचं ऑफिस कपडे धुण्याच्या दुकानाच्या वर होतं. जिन्यात साबणाचा वास आणि वर एकच खोली. बाई पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला. त्यांनी त्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं, कागदाची नक्कल दोनदा वाचली.

“मी उशीर केला का?” त्याने विचारलं. “कधी यायला हवं होतं?”

“तो पहिल्यांदा फळं घेऊन आला, त्या दिवशी. त्याच्या आधी आला असतात तर आणखी बरं.”

“पण तो फार सभ्य आहे हो. घाईसुद्धा केली नाही.”

“तेच बघतेय मी. दहा दिवस घाई नाही, आणि आज एकपर्यंतच.” बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. “अपघात नेमका कुठे झाला?”

“पेट्रोल पंपाच्या तोंडाशी. मी तिला तिच्या भागात सोडायला निघालो होतो. आम्ही चाकात हवा भरली, बाहेर पडताना गाड्या जाव्यात म्हणून कडेला थांबलो. पुढचं धुरकट आहे.”

“किती वाजता?”

“अकरा पन्नास. पोलिसांच्या नोंदीत आहे.”

“पंपावर कॅमेरे असतात. पोलिसांनी चित्रण घेतलं का?”

“माहीत नाही. त्यांनी चालकाचा जबाब घेतला. आम्ही दोघं शुद्धीवर नव्हतो.”

बाईंनी फोन उचलला, पंपाचा नंबर शोधून लावला, दोन वाक्यं बोलल्या आणि ठेवला. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण हात टंकायला लागले होते.

“घेतलेलं नाही. त्यांचं यंत्र चौदा दिवसांचं ठेवतं. मग जुन्यावर नवं चढत जातं, मिनिटाला मिनिट. आत्ता दहा चाळीस झालेत. अकरा पन्नासला तुमचा अपघात पुसला जाईल. विमावाल्याला ते तुमच्याआधी ठाऊक होतं.”

कारकून म्हणाला, “आणि ते माझं बोलणं?”

“ते राहील. तुमच्या खिडकीतल्या सवयीबद्दल मी बोलेन, तुमचे लोक साक्ष देतील; किती धरलं जाईल, आज सांगत नाही. पण चाक कुठून आलं हे तुमच्या तोंडावर ठरत नाही, साहेब. ते चित्रावर ठरेल. चित्र हवं.”

प्रिंटरमध्ये कागद अडकला. बाईंनी तो ओढून काढला, शिवी हासडली, पुन्हा दाबलं. चित्रण जपून ठेवावं आणि त्याची नक्कल द्यावी, अशी नोटीस. खाली सही, शिक्का. “माझी अकराला सुनावणी आहे, मला हलता येत नाही. तुम्ही जा. ही द्या आणि पोच घेऊन या. पेन ड्राइव्ह हा घ्या. आणि कुणाचीही माफी मागू नका, निदान दुपारपर्यंत.”

टॅक्सी तीन सिग्नलना अडकली. पंपावर पोहोचला तेव्हा अकरा वीस झाले होते.

पंपाचा व्यवस्थापक काचेच्या छोट्या खोलीत बसला होता. त्याने नोटीस वाचली, उलटी केली, मागे काही आहे का पाहिलं.

“मालकांना विचारावं लागेल.”

“विचारा ना.”

“ते गावाला गेलेत. उद्या या.”

कारकून काचेच्या अलीकडे उभा होता. सव्वीस वर्षांत हे वाक्य त्याने किती जणांना ऐकवलं असेल, याची मोजदाद नव्हती. ओरडणारे यायचे, रडणारे यायचे, कुणाकुणाची ओळख सांगणारे यायचे; सगळे उद्यावर जायचे. फक्त एका तऱ्हेच्या माणसाचं काम त्याच दिवशी व्हायचं. त्या माणसाला खिडकीतले सगळे घाबरून असत.

त्याने खिशातून पेन काढून काचेखालून आत सरकवलं.

“हरकत नाही. नोटिशीवरच लिहा, की चित्रण आहे, मागितलं, दिलं नाही. खाली तुमचं नाव, हुद्दा. आणि वेळ घाला. अकरा चोवीस.”

“अहो, मी नाही कुठे म्हणतोय...”

“मग हो लिहा. काहीही लिहा. वेळ मात्र घाला.” त्याचा आवाज चढला नव्हता. “अकरा पन्नासनंतर हे विचारणारा मी नसेन, न्यायाधीश असतील. मी जात नाही इथून. तुमची गिऱ्हाइकं होऊ देत, मी उभा आहे.”

मागे रांग लागली. एकाने हॉर्न वाजवला. कारकून हलला नाही. व्यवस्थापकाने पेनाकडे पाहिलं, त्याच्या गळ्यातल्या हाताकडे पाहिलं.

“त्या बाई वाचल्या का?” त्याने हळूच विचारलं.

“वाचली. पाय गेला.”

व्यवस्थापक उठला आणि दार उघडलं. “या आत. लवकर.”

पडद्यावरच्या यादीत सगळ्यात जुनी नोंद अकरा एकोणतीसची होती. तिच्या आधीचं सगळं गेलं होतं. व्यवस्थापकाने थेट अकरा पन्नास उघडलं. स्कूटर कडेला उभी, कारकुनाचा पाय जमिनीवर टेकलेला. ट्रक रस्त्यावरून पंपाकडे वळला, वळण्याचा दिवा न लावता. पुढचा भाग वळून गेला. मागची चाकं आत कापत आली आणि उभ्या स्कूटरवर चढली. आवाज नव्हता. सगळं मिळून चार सेकंद.

“उभे होता की हो तुम्ही!” व्यवस्थापक म्हणाला.

कारकुनाने वकीलबाईंना फोन लावला. त्या कोर्टाच्या व्हरांड्यातून कुजबुजल्या, “दहा मिनिटं आधीपासून घ्या, पाच मिनिटं नंतरचं. नक्कल उघडते का, ते तिथेच बसून बघा.”

नक्कल सुरू झाली. टक्के चढत होते आणि यादीतली जुनी वेळ त्यांच्या मागे धावत होती. अकरा एकतीस. अकरा चौतीस. कारकून उभ्यानेच दोन्हीकडे बघत होता. फोन वाजला. विमावाला होता.

“अहो, कुठे आहात? मी खाली बसलोय. चहासुद्धा थंड झाला.”

“सही करणार नाही. यापुढे बोलायचं ते वकीलबाईंशी.”

“नीट विचार करा. तुमचाच आवाज आहे माझ्याकडे.”

“आवाज माझाच आहे,” कारकून म्हणाला. “ते मी नाकारणार नाही.” आणि त्याने फोन ठेवला.

अकरा अडतीसला नक्कल पूर्ण झाली. व्यवस्थापकाने नोटिशीवर पोच लिहिली, वेळ घातली, न सांगता. मग पेन ड्राइव्हमधली फाइल उघडून सुरुवातीपासून लावली.

हवेच्या यंत्राशी स्कूटर उभी होती. कारकून उकिडवा बसून चाकाला नळी लावत होता. बायको, खात्याच्या निळ्या शर्टात, खांद्याला पिशवी, क्षणभर त्याच्यामागे थांबली आणि मग कंटाळून भरभर चालत पंपाच्या भिंतीकडे गेली. तिथे जमिनीत मीटरचं लोखंडी झाकण होतं. तिने बुटाच्या टोकाने ते उचकटून बाजूला सारलं, कमरेत वाकून आत डोकावली, आणि पुन्हा पायानेच ते जागेवर सरकवून टाचेने एकदा दाबलं.

“आमचं मीटर बघतायत की काय त्या?” व्यवस्थापक हसला. “हा भाग त्यांचा आहे?”

“नाही. तिचा भाग पुढचा.”

“फाइल उघडतेय बरोबर. पुढे नेऊ? टक्कर अजून सात मिनिटांवर आहे.”

“नको,” कारकून म्हणाला. “चालू द्या तसंच.”

त्याने उजव्या हाताने खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसला.