आवरलेली भट्टी

तिला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तोच ओळंबा. भट्टीत कच्च्या विटा रचायचं तिचं काम, आणि तीस वर्षांत तिची एक ओळ वाकडी गेली असेल तर शपथ! कुणाच्या रचणीत फट दिसली की झालंच, त्या बाईची दिवसभर खैर नसायची. "फट ठेवते ती कामचुकार," हा तिचा कायदा. हाच कायदा साठ घरांच्या मुळावर आला, आणि तोही तिच्याच हातून.

झालं असं की भट्टीच्या काळ्या धुरापायी जवळच्या शाळेच्या खिडक्या बारा महिने बंद असायच्या. खोकला तर घराघरात मुक्कामाला. शेवटी बंदीची नोटीस आली. मालकानं हात झटकले आणि चालता झाला. साठ घरं उघड्यावर. तेव्हा विकास बँकेच्या बाई आल्या. खुर्ची नको म्हणाल्या, विटांच्या ढिगावरच बसल्या आणि विचारलं, "भट्टी बंद झाली की धूर जाईल हो, पण तुम्ही खाणार काय?" हा प्रश्न तोवर कुणाला सुचलाच नव्हता.

त्यांनीच मार्ग काढला. कामगारांनी सोसायटी करायची, बँक कर्ज देणार, त्यातून भट्टी नव्या पद्धतीची बांधायची. मग एका ठरलेल्या शुक्रवारी सरकारी माणूस येऊन धूर मोजणार. पास झाली तर भट्टी सोसायटीची. नापास झाली तर कायमचं कुलूप. निघताना बाई म्हणाल्या, "आणि मी येणार म्हणून काही सजवू-बिजवू नका हं."

नवी पद्धत म्हणजे रचणीच्या प्रत्येक खणात वाऱ्यासाठी एक दार सोडायचं. एका खणात डावीकडे, पुढच्यात उजवीकडे. वारा नागमोडी फिरतो, कोळसा पुरता जळतो आणि लागतोही कमी. बँकेनं पाठवलेल्या इंजिनियरनं हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा ओळंबाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"म्हणजे मुद्दाम फट ठेवायची?"

"फट नाही हो मावशी, दार."

तिचा नवरा भट्टीचा आगवाला. भट्टीच्या छतावर भोकं असतात, त्यांतून तो कोळसा सोडायचा. तो हसून हसून लोळायचाच बाकी राहिला. "तीस वर्षं मला सरळ करत होती. रच आता स्वतःच वाकडं!"

पण शिकली ती. आणि अशी शिकली की इंजिनियरनं दोरी लावून बघितलं तर प्रत्येक दार एकाच मापाचं. आग पेटवली, एकेक खण पुढे सरकू लागली, आणि धूर खरोखरच पांढुरका झाला. लोक माना वर करून बघत राहायचे.

बुधवारी सकाळी मात्र धुराडं पुन्हा डांबर ओकायला लागलं. शुक्रवार दोन दिवसांवर! सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुमचा कोळसा ओला असणार," ओळंबा नवऱ्यावर कडाडली.

"माझ्या आगीला नावं ठेवू नकोस. तुझी रचणी बघ आधी."

"माझी रचणी? नाचता येईना, अंगण वाकडं!"

इंजिनियरनं कोळसा तपासला, छत तपासलं, सगळं ठीक होतं. तेव्हा ओळंबा रागारागानंच बॅटरी घेऊन आग अजून न पोचलेल्या पुढच्या गार खणात शिरली, नवऱ्याला खोटं पाडायला. आणि दारापाशी जाऊन थिजली. दार जवळजवळ बंद होतं. सुबक, एकसारख्या विटा लावून बुजवलेलं, वीतभर जागा तेवढी शिल्लक. असं सुबक काम त्या भट्टीत एकच बाई करत होती.

मग आठवलं. रविवारी कुणीतरी ओरडलं होतं, "शुक्रवारी बँकेच्या बाईही येणार!" आणि तिचे हात आपोआप चालू लागले होते. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरायला नको? पाच खण आवरले होते तिनं, फटी दिसू नयेत म्हणून. केल्याचं धड लक्षातही राहिलं नव्हतं.

कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसली असती तर खापर कोळशावर फुटलं असतं, म्हणजे नवऱ्यावर. ती बाहेर आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "मीच केलंय. पाच खणांची दारं मीच बुजवलीत."

तिच्या सासूबाईंनी चाळीस वर्षं त्याच भट्टीत विटा थापल्या होत्या, त्याच पुढे झाल्या. "सजवू नका म्हणाली होती ना ती बाई! पण ऐकतील तर आमच्या सूनबाई कसल्या. आता बसू नकोस रडत. ऊठ, उघड दारं."

संध्याकाळपर्यंत तीन गार खण मोकळे झाले. धूर काळ्याचा करडा झाला, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. आगीला लागून असलेल्या उरलेल्या दोन खणांत पाय ठेवणं अशक्य. "ते जळून पार व्हायला शनिवार उजाडेल," इंजिनियर म्हणाला. तारीख तर सरकारी, हलणार नव्हती.

गुरुवारी सकाळी ती छतावर चढली. "अहो, तुमचा लांब गज आणा."

"वरून काय दिसणार आहे तुला?"

"माझ्या विटा आहेत त्या. मला दिसतात."

इंजिनियर खालून ओरडला, भिंत कोसळेल म्हणून. तिनं डोळे मिटले. "उजवीकडचं दुसरं भोक. सोडा गज. टेकला? आता वीतभर डावीकडे. सर्वांत वरची आधी. ढकला." खाली ठप् आवाज झाला. तिनं कान देऊन ऐकलं. "तीच. आता तिच्या खालची."

दुपार कलेपर्यंत दोघं एकमेकांना चिकटून वाकले होते, घाम टपटप गळत होता. एका खणात चौदा, दुसऱ्यात चौदा. एकही वीट चुकीची पडली नाही. शेवटची पडली आणि आत वारा घुमायला लागला. आगवाल्यानं ऐकलं मात्र, गज टाकून ओरडला, "ओढ लागली गं! ओढ लागली!" आणि साठ घरांच्या देखत त्यानं बायकोला मिठी मारली. ती लाजली, पण सुटायची घाई तिनंही केली नाही.

शुक्रवारी बँकेच्या बाई आल्या, सरकारी माणूस यंत्र घेऊन शिडीवर चढला. सगळे शिडीखाली दाटीनं उभे. एवढ्यात वस्तीकडून सासूबाई काठी आपटत, धापा टाकत आल्या. "मेल्यांनो! भट्टी विझली आणि तुम्ही उभे काय राहिलात? धूर कुठंय?"

सगळ्यांनी धुराड्याकडे पाहिलं, धूर दिसेना इतका विरळ झाला होता. मग बँकेच्या बाईच आधी हसल्या, आणि हसण्याची अशी लाट उसळली की शिडीवरचा माणूस दांडी घट्ट धरून बसला. तिथूनच तो ओरडला, "पास! चांगली पास!"

ओळंबा मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. बँकेच्या बाईंनी तिच्या शेजारी, विटांवरच, भट्टीचे कागद ठेवले.

सासूबाईंना अजून नीट उमगलं नव्हतं. "म्हणजे मालक कोण आता?"

"सोसायटी, आई. तुमचं नावही आहे त्यात. मालक तुम्हीच," ओळंबा डोळे पुसत म्हणाली.

म्हातारीनं धुराड्याकडे पाहिलं, वरच्या स्वच्छ आभाळाकडे पाहिलं. मग ताठ झाली आणि काठी आपटून गरजली, "असं होय! मग माझ्या भट्टीत वाटेत विटा कुणी टाकल्यात? उचला आधी!"