आतल्या माणसाने काउंटरवर यायचं नाही

स्क्रीन पांढरी पडली तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी माउसचं बटण एकदा दाबलं, मग तीनदा, मग बंद दारावर थापा माराव्यात तसं सलग आठ-दहा वेळा. समोरच्या गृहस्थांना त्यांची काळी छत्री हवी होती. बसमध्ये विसरलेल्या वस्तूंच्या त्या खात्यात काळ्या छत्र्या दोनशे बारा होत्या, आणि त्यांतली ह्यांची कोणती हे शोधता शोधता नानांचा प्रोग्राम निपचित पडला होता.

"दाबू नका हो," नाना मागच्या टेबलावरून म्हणाले. "काम चालू आहे त्याचं. चाळीस सेकंद द्या."

"चालू आहे हे तोंडावर दिसत नाही त्याच्या," बाई म्हणाल्या. त्यांनी प्रोग्राम सरळ बंद केला, रजिस्टर ओढलं आणि बोट ओलं करून पानं उलटायला सुरुवात केली.

साहेब नेमके दारात उभे होते. नवीन होते, दुसऱ्या खात्यातून आलेले, आवाज कधी चढवत नसत. म्हणून त्यांचं बोलणं जास्तच लागे. शुक्रवारी आपण स्वतः येऊन बघू, ते म्हणाले. तेव्हाही हे असंच पडलं तर रजिस्टरं कायमची काउंटरवर परत येतील आणि कॉम्प्युटर आस्थापना विभागाला जाईल. दिवस सोमवारचा होता.

नाना त्या खात्यात एकतीस वर्षं नोंदणी कारकून होते आणि महिनाअखेर निवृत्त होणार होते. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी वाचनालयातून पायथन ह्या कॉम्प्युटरच्या भाषेचं पुस्तक आणलं, तेव्हा सगळ्या डेपोची करमणूक झाली होती. कुणी त्यांना कॉम्प्युटर-आजोबा म्हणे, कुणी साप पाळलाय का विचारी. नाना हसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे पाचला जेवणाच्या टेबलावर बसत. तीन वर्षांत त्रेचाळीस हजार नोंदी त्यांनी एकेक करून भरल्या होत्या. रंग, आकार, कुठल्या बसमध्ये सापडली, मूठ तुटकी आहे की धड. बाकी सगळं जमलं होतं. शोध सुरू झाला की स्क्रीन गोठते, एवढंच काही केल्या सुटत नव्हतं. आणि महिन्याभराने ते दुरुस्त करायला नाना तिथे नसणार होते. प्रोग्राम पोरका होण्याआधी आपल्या पायांवर उभा राहायला हवा होता.

त्यांची लेक दुसऱ्या शहरात असले प्रोग्राम लिहूनच पोट भरत असे. सोमवारी संध्याकाळी तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, पाठवा इकडे, दहा मिनिटांत करून देते. नाना म्हणाले, "सांग. पण लिहून देऊ नकोस."

"बाबा, तुम्ही एकाच माणसाला शोधायलाही लावताय आणि स्क्रीन सांभाळायलाही. तो शोधायला बसला की स्क्रीनकडे बघणार कोण? शोधायचं काम मागे दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे दुसऱ्याच माणसावर, सोडा. तो आत शोधत बसेल, पुढचा मोकळा राहील. फक्त एक लक्षात ठेवा—"

पण नानांना एवढं ऐकूनच असं स्फुरण चढलं होतं, की "कळलं, कळलं" म्हणत त्यांनी फोन ठेवूनही दिला.

दोन पहाटा त्यात गेल्या. बुधवारी सहा वाजता त्यांनी बायकोला उठवलं आणि बटण दाबायला बसवलं. काय शोधू, तिने विचारलं. नाना म्हणाले, काहीतरी हरवलंय असं समज.

"माझी झोप," ती म्हणाली, आणि दाबलं.

स्क्रीन पांढरी पडली नाही. ओळी एकीखाली एक उतरू लागल्या. सहा वेळा दाबलं, सहाही वेळा उतरल्या. नानांनी त्या आनंदात चहात दोनदा साखर घातली आणि तसाच प्यायले.

खात्यात बाईंनी दोन शोध लावले तेव्हाही सगळं सुरळीत झालं. तिसऱ्याला मात्र ओळी एकमेकींवर चढल्या, यादी अर्धी कोरी झाली आणि प्रोग्राम काही न सांगता स्क्रीनवरून नाहीसाच झाला.

"आधी निदान जागेवर तरी पडायचा," बाई म्हणाल्या. "आता पळूनच गेला की."

घरी सहा वेळा चालतो आणि इथे तिसऱ्यांदा मरतो, ह्याला चूक म्हणावं की नशीब, हे नानांना समजेना. दुपारी ते मागे कोठीत जाऊन बसले. तिथे पैलवानाचं राज्य होतं. पैलवान म्हणजे कोठीवाला, अंगाने काडी पैलवान, पण छतापर्यंतच्या फळ्यांवरची हरेक वस्तू डोळे मिटून काढून देणारा. त्याने चहाचा कप पुढे सरकवला आणि काय झालं विचारलं. नानांनी सांगितलं, की आता आत शोधणारा माणूस वेगळा ठेवलाय. त्याला वस्तू सापडली की तो ती लगेच स्क्रीनवर मांडतो. पुढचाही आपला तिथेच मांडामांड करत असतो.

पैलवानाने बशीतला चहा संपवला.

"म्हणजे तुमचा आतला माणूस थेट काउंटरवर येतोय," तो म्हणाला. "मला बारा वर्षं येऊ दिलं नाहीत, नाना."

नानांनी हातातला कप खाली ठेवला.

बारा वर्षांपूर्वी पैलवान नवा होता आणि उत्साही होता. कोठीत पिशवी सापडली, की धावत जाऊन स्वतःच गिऱ्हाइकाच्या हातात ठेवी. एकदा त्याने पुढ्यातल्या माणसाला एक पिशवी दिली आणि त्याच क्षणी बाईंनी शेजारच्याला दुसरी. दोघांनी सह्या केल्या, दोघे गेले. शाळामास्तरांच्या उत्तरपत्रिका एका न्हाव्याच्या दुकानात पोचल्या, आणि मास्तरांनी भर वर्गात पिशवीतून वस्तरा काढला. त्यानंतर नियम झाला, आणि तो नानांनीच स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर लावला होता. आतल्या माणसाने काउंटरवर यायचं नाही. सापडलेली वस्तू चिठ्ठीसह मधल्या ट्रेमध्ये ठेवायची. गिऱ्हाइकाच्या हातात देणार त्या फक्त बाई.

दुसऱ्यांना शिस्त लावणारे आपण, आणि आपल्याच प्रोग्रामात ती विसरलो. नानांना हसू फुटलं आणि आवरेना. पैलवानालाही काय झालं ते नीट न कळता हसू आलं. दोघे कोठीत छत्र्यांच्या ढिगाऱ्यात बसून डोळे पुसत होते. बाई येऊन बघून गेल्या.

संध्याकाळी लेकीला फोन लावला तेव्हा ती म्हणाली, "हेच सांगत होते तर तुम्ही फोन ठेवलात. स्क्रीनला हात लावायचा तो फक्त पुढच्या थ्रेडने."

"मला पैलवानाने सांगितलं," नाना म्हणाले.

"त्यांना येतं पायथन?"

"त्याला कोठी येते."

गुरुवारी पहाटे त्यांनी ट्रे बांधला. आतल्याला सापडेल ते त्याने रांगेत टाकायचं आणि पुन्हा आत वळायचं. पुढच्याने सेकंदाला दहा वेळा रांगेत डोकवायचं, असेल ते उचलायचं आणि स्क्रीनवर मांडायचं; मधल्या वेळात बटणांकडे लक्ष द्यायचं. "थांबवा" असं एक नवं बटणही त्यांनी घातलं. आतल्या थ्रेडला काहीतरी नाव द्यावं लागतं. त्यांनी इंग्रजी अक्षरांत पैलवान लिहिलं.

शुक्रवारी अकरा वाजता साहेब आले आणि खुर्ची नको म्हणून उभेच राहिले. काउंटरवर एक वृद्ध गृहस्थ होते, उन्हाची टोपी हातात धरलेले. सात नंबरच्या बसमध्ये विणकाम राहिलं, ते म्हणाले. राखाडी लोकर. आमच्या मंडळींनी विणायला घेतलेला स्वेटर. पूर्ण झालेला नाही, आणि आता होणार नाही.

बाईंनी बटण दाबलं. नानांचे हात टेबलाखाली गुडघ्यांवर होते.

स्क्रीन जागी राहिली. कोपऱ्यातला आकडा चढू लागला, दोन हजार, पाच हजार, आणि ओळी उतरू लागल्या. बाई वाचत होत्या आणि विचारत होत्या. मफलर नाही ना? बाह्या होत्या का? एकच झाली होती, गृहस्थ म्हणाले, डावी. शोध चालू असतानाच बाईंनी सुया असलेली विणकामं तेवढी वर घेतली. आकडा चढतच होता. सतरा हजारांवर त्या थांबल्या, एका ओळीवर बोट ठेवलं आणि "थांबवा" दाबलं. प्रोग्राम सांगितल्या क्षणी थांबला.

कोठीतून पैलवान आला, ट्रेमध्ये पुडकं ठेवलं आणि काउंटरकडे न बघता परत गेला.

साहेबांनी बाईंना फक्त एवढंच विचारलं, की रजिस्टरं कुठे ठेवायची.

"वरच्या फळीवर टाका, साहेब," बाई म्हणाल्या. "माझा हात पोचत नाही तिथे."

साहेब मान हलवून निघून गेले. रांगेतल्या पुढच्या बाईंचा चष्मा हरवला होता. काउंटरवरच्या बाईंनी लगेच तो शोध लावला. सवयीने नाना उठले, दोन पावलं पुढे आले आणि थांबले. त्यांना कुणी हाक मारली नव्हती. त्या वर्षानुवर्षांच्या खोलीत पहिल्यांदाच त्यांच्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. त्या जागी ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा फुलत गेला.

भिंतीलगतच्या बाकावर ते गृहस्थ स्वेटर मांडीवर घेऊन बसले होते. बसच्या धक्क्यांनी तीन टाके सुईवरून निसटले होते. नानांनी बाईंना बोलावू का म्हणून विचारलं. गृहस्थांनी नको म्हणून मान हलवली. चष्मा कपाळावर सरकवून, विणकाम डोळ्यांजवळ धरून, ते एकेक टाका सुईवर परत चढवू लागले. लोकरीचा गुंडा बाकावरून घरंगळला. नाना वाकले, त्यांनी तो उचलला आणि शेजारी बसून, धागा सैल राहील अशा बेताने, ओंजळीत धरून ठेवला.