कापडी की कागदी

माझा नवरा ट्रोन्दूर चाळीस वर्षं आमच्या गावच्या नाचाचा म्होरक्या होता. आमच्या नाचाला वाद्य लागत नाही. सगळ्यांनी हात धरून साखळी करायची, पाय आपटत गोल फिरायचं, म्होरक्याने पवाडा म्हणायचा आणि बाकीच्यांनी धृपद उचलायचं. ट्रोन्दूरला असे सत्तावीस पवाडे पाठ आहेत, त्यातला एक तर दोनशे चौदा कडव्यांचा. दुकानातून काय आणायचं ते मात्र दारापर्यंत पोचेस्तोवर विसरतो.

नोव्हेंबरात त्याच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, रिपोर्ट चांगला आला, आम्ही बोटीने आमच्या बेटावर परत आलो. पण लघवीवरचा ताबा सुटला होता. खोकला आला, शिंक आली, गवताचा भारा उचलला, की झालंच. डॉक्टरांनी व्यायाम दिले. हळूहळू सुधारेल म्हणाले, कदाचित वर्ष लागेल. ट्रोन्दूरने सगळं नीट ऐकून घेतलं आणि गावात सांगून टाकलं की गुडघा दुखतोय.

फेब्रुवारीतल्या नाचाला तो भिंतीकडेच्या बाकावर बसला. म्होरकेपण शेजारच्या सीमूनने केलं. घरी येताना ट्रोन्दूर एवढंच म्हणाला, "सीमूनने एकोणीस कडवी गाळली." दाढी करताना, मेंढ्यांना चारा टाकताना तो कायम काहीतरी गुणगुणायचा, ते त्या दिवसापासून बंद झालं. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, पण घर इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं.

गावची नर्स हेरबोर एक भलंमोठं खोकं घेऊन आली. आत पुरुषांसाठीचे पॅड होते, वापरा आणि फेका असे. आम्ही त्यांना 'कागदी' म्हणायला लागलो.

"एकदम पातळ आहेत, कुणाला पत्ताही लागणार नाही," हेरबोर म्हणाली.

"मला लागतोय ना. चालताना आवाज येतो," ट्रोन्दूर म्हणाला.

मी कान देऊन ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही. पण त्याला ऐकू येत होतं, आणि त्यात त्याची मांडी घामाने सोलवटून निघाली. वर मार्चमधल्या एका वादळात आमचा कचऱ्याचा डबा आडवा झाला. दुसऱ्या दिवशी सीमून दारात उभा. हातात आमची पिशवी, नीट गाठ मारून आणलेली.

"तुमची असावी," तो म्हणाला. "माझ्या मेंढ्याच्या शिंगाला अडकली होती. मेंढा बरा आहे."

तो गेल्यावर ट्रोन्दूर डोकं धरून खुर्चीत बसला. मला हसू आवरेना. मी तोंड फिरवून भांडी घासायला लागले, पण माझे खांदे हलताना त्याने पाहिले.

"हस तू, सुनेवा. सगळं गाव हसेल आता."

"सीमून नाही सांगायचा कुणाला. आणि मी कापडी शिवून देते. कचऱ्याचा प्रश्नच मिटला."

"म्हणजे लंगोट? त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला?"

"बहात्तर. मे महिन्यात होतील त्र्याहत्तर."

मी जुन्या फ्लॅनेलच्या चादरी काढल्या. चार पदरी घडी, मधे टॉवेलचा तुकडा. बाहेरून ओल येऊ नये म्हणून रबर लावतात, पण रबराने पुन्हा घाम आलाच असता. शेवटी त्याचा एक फाटका स्वेटर गरम पाण्यात मुद्दाम आटवला. लोकर आटून जाड, घट्ट झाली. तिचे तुकडे बाहेरून लावले. मेंढी वर्षभर पावसात उभी असते आणि कातडीपर्यंत भिजत नाही, तर ट्रोन्दूरला का चालू नये, असा माझा सरळ हिशेब.

पहिला दिवस झकास गेला. आवाज नाही, घाम नाही, मऊ लागतं म्हणाला. मग धुण्याची पाळी आली. दिवसाला चार-पाच कापडं, ती बादलीत भिजवायची, मशीनमध्ये धुवायची आणि वाळवायची. बाहेर आठवडाभर पाऊस. आणि बाहेर दोरीवर घातली असती तर चर्चला जाणाऱ्या प्रत्येकाने मोजली असती.

तेव्हा मला खोपटाची युक्ती सुचली. फळ्यांच्या भिंतींचं, मधे बोटभर फटी ठेवलेलं ते खोपट. त्यात आम्ही मटण वाऱ्यावर टांगून मुरवतो. वारा आरपार जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. मी मटणाच्या तंगड्यांच्या मधे ओळीने कापडं टांगली. दोन दिवसांत खडखडीत वाळली.

ट्रोन्दूर ती लावून दुकानात गेला आणि दहा मिनिटांत परत आला.

"सुनेवा, दुकानापासून एक कुत्रं माझ्या मागे लागलंय."

मी खिडकीतून पाहिलं. एक नाही, दोन होती. दोघंही फाटकाशी अदबीने बसलेली.

"तू ती मटणाशेजारी वाळवलीस का?"

"वारा तिथेच चांगला आहे."

"मला नाचायला जायचंय बाई, ताटात नाही."

आणि हे बोलून तोच हसायला लागला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच असा मोकळा हसला, आणि हसताना जे व्हायचं ते झालं. तो थांबला, खाली बघितलं, विजारीवर हात फिरवून पाहिला. विजार कोरडी होती. "धरलं," तो हळूच म्हणाला. मी पीठ मळत होते, तशीच हात भरलेले घेऊन त्याच्यापाशी गेले.

"नाचायला जायचंय म्हणालास," मी म्हटलं.

"म्हणालो का?"

"आत्ताच."

त्याने थोडा विचार केला. मग स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीकडे सरकवलं आणि माझा पिठाचा हात धरला. दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे. सुरुवातीला आवाज घोगरा होता. दहाव्या कडव्याला घसा मोकळा झाला. विसाव्याला तो पाय आपटायला लागला, तशा फडताळातल्या बशा वाजायला लागल्या. साठ कडवी झाल्यावर तो मोरीत जाऊन तपासून आला आणि परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा दारात उभा राहिला.

"ओलं आहे. पण आतच आहे."

मग आम्ही रीतसर प्रयोग केला. एक दिवस कागदी, एक दिवस कापडी, रोज साठ कडवी. महिन्याभरात दोन्हींचे गुण-दोष कळले. कागदी जास्त पाणी पितं, झोपेत बदलावं लागत नाही आणि प्रवासात ओझं नाही, तेव्हा रात्री आणि तपासणीला बोटीने जायचं तेव्हा तेच बरं. कापडी मऊ, त्याने कातडीला त्रास नाही, पण दर दोन तासांनी बदलायचं आणि ओलं कापड पिशवीत घालून घरी आणायचं. नाचाला मात्र कापडीच, कारण शंभर माणसांच्या उबेत कागदी अंगाला चिकटतं. हेरबोरला वाटलं होतं आम्ही एक काहीतरी ठरवू. तिला ट्रोन्दूर म्हणाला, "बुटांचा तरी आपण एकच जोड वापरतो का?" कापडं मी आता चुलीवरच्या दांडीला वाळवते. कुत्री यायची थांबली.

जूनमध्ये मालानच्या नातीचं लग्न होतं. मालान आमच्या विणकामाच्या गटातली, माझ्याच वयाची, बोलायला फटकळ. जेवणं झाल्यावर नाचघराची दारं उघडली. सीमून मधे जाऊन उभा राहिला आणि त्याने ट्रोन्दूरकडे पाहिलं.

"गुडघा कसा आहे?" त्याने विचारलं.

"बरा आहे."

"मग ये. मला त्या लांबलचक पवाड्याचा शेवट येत नाही, आणि आज नवरीने तोच मागितलाय."

ट्रोन्दूर उठला. माझा हात धरून त्याने मलाही साखळीत ओढलं. त्याने पहिलं कडवं म्हटलं आणि साखळी हलली. पाचव्या कडव्याला सगळ्या नाचघराने धृपद उचललं, जमीन पायाखाली घुमायला लागली. म्हातारे, नवरीच्या मैत्रिणी, आयांच्या खांद्यावरची तान्ही पोरं, सगळे फिरत होते. शंभराव्या कडव्याच्या आसपास तो माझ्या कानाशी वाकला. मला वाटलं, संपलं आता.

"भिजलंय," तो म्हणाला, "आणि मला काही फरक पडत नाही."

त्याने पुढचं कडवं उचललं ते वरच्या पट्टीत. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा म्हटली, एकही गाळलं नाही. मग पिशवी घेऊन शांतपणे मागच्या खोलीत गेला, कापड बदललं, एक ग्लास पाणी प्यायला आणि परत येऊन दुसरा पवाडा सुरू केला.

नाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. नातीचं लग्न असून मालान बाकावरच बसून होती. मी खूण केली तर तिने पायाकडे बोट दाखवलं.

सोमवारी सकाळी ती आमच्याकडे आली. काखेत फ्लॅनेलची चादर, जवळजवळ नवी. स्वयंपाकघरात ट्रोन्दूरही होता, पण ती काही लाजली नाही.

"चार बाळंतपणं झाली, आता माझंही शिंकलं की सुटतं," ती म्हणाली. "अकरा वर्षं नाचले नाही. परवा याला मागच्या खोलीत पिशवी घेऊन जाताना पाहिलं. आधी वाटलं, बाटली असेल. मग वाटलं, बाटलीने इतका आनंद होत नाही. आणि बाटलीला फ्लॅनेलचं टोक नसतं."

मी काही बोलायच्या आत ट्रोन्दूरने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला.

"हे बघ मालान, चार पदर पुरे. पाच घेतलेस तर पाऊल नीट पडत नाही. आणि लोकर गरम पाण्यात आटवायची, कोमट नाही. वाळवायचं कुठे ते मी सांगतो."

शिवलेलं एकूण एक मी, पण तो असा सांगत होता जणू सगळा शोध त्याचाच. मी कॉफी ठेवली आणि कात्री शोधायला लागले. मालानने चादर टेबलावर पसरली. ट्रोन्दूर तिला मापं सांगत होता, आणि सांगता सांगता पायाने ठेका धरत होता.