पाव फेरीची ढिलाई

घड्याळजींना जगात एकाच गोष्टीचा मनापासून राग होता, आणि ती म्हणजे ढिलाई. शर्टाचं बटण असो, दाराची कडी असो नाहीतर शेजाऱ्याची जीभ, सैल काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. बायको गेल्यावर एकट्याने वाढवलेली लेक तेवढी त्यांच्या पेचात कधी बसली नाही. तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि सतरा वर्षांची झाली तरी ते नाव तिला शोभत होतं.

या भिंगरीने वर्षभर बुटक्या सायकलवर उलटं जाण्याचा ध्यास घेतला होता. मान वळवून खांद्यावरून बघायचं, मागे मागे जायचं आणि तसंच एखाद्या कडेवरून खाली उतरायचं. आधी वीतभर उंचीचा फुटपाथ झाला, मग गुडघाभर ओटा. आता उरल्या होत्या वाचनालयामागच्या तीन पायऱ्या. रविवारी सकाळी तिथे सायकलवाल्या मैत्रिणी जमणार होत्या, आणि हिने सगळ्यांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं की मी उतरणार.

"सरळ जायची सोय असताना माणसाने उलटं का जावं?" घड्याळजी विचारत.

"जमतंय का बघायला," ती म्हणे.

गुरुवारी ती सायकल ढकलत, लंगडत त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आली. दोन्ही पोटऱ्या पेडलच्या दातांनी सोलून निघाल्या होत्या.

"आता बास झालं बाबा. सायकल देऊन टाकते कुणालातरी."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि कापूस घेऊन तिच्यासमोर बसले. "झालं काय?"

"मागे जाताना पेडलं जागची हलायला नकोत. माझी सोमवारपासून रोज फिरतात. नेमकी पायऱ्यांच्या कडेला पोचले की फिरतात आणि मला आपटतात."

"मग चाकातच काहीतरी बिघडलं असेल."

"चाक नाही हो, मीच. मी भिते. घाबरून पाय पुढे रेटला जातो आणि पेडल चाकाला पकडतं. पाय थोडा हलला तरी चालावं म्हणून मागच्या चाकात पाव फेरीची ढिलाई ठेवलेली असते. माझा पाय तेवढ्यातही मावत नाही, म्हणजे बघा."

कापसाचा बोळा घड्याळजींच्या हातात तसाच राहिला. "ढिलाई ठेवलेली असते? मुद्दाम?"

"मुद्दाम. ती नसेल तर उलटं जाताच येत नाही."

घड्याळजींची नजर सायकलच्या मागच्या चाकाकडे गेली. गेल्या रविवारी दुपारी, ती झोपली असताना, त्यांनी सहज पेडल हलवून पाहिलं होतं. पाव फेरी नुसतीच पोकळ जात होती. ज्या वस्तूवर आपली पोर बसते ती इतकी सैल? त्यांनी चाक उघडलं, घासून घासून एक पातळ पितळी वॉशर केला, आत बसवला, ढिलाई बोटभरावर आणली आणि मोठ्या समाधानाने हात पुसले. गाजावाजा नको, म्हणून तिला सांगितलंही नाही.

आता गप्प बसलं तर? सायकल आपोआप घराबाहेर जाईल, पायऱ्या राहतील वाचनालयामागे आणि बापाला निवांत झोप लागेल. हा विचार त्यांच्या मनात आला, आणि चांगली दोन मिनिटं मुक्कामाला राहिला. पण समोर लेक मान खाली घालून बसली होती. 'मी भिते' हे शब्द त्यांनी तिच्या तोंडून आजवर ऐकले नव्हते, आणि त्यांनी तोंड उघडलं नाही तर ती ते जन्मभर खरे मानणार होती.

"दोष तुझ्या पायाचा नाही," ते म्हणाले. "माझ्या हाताचा आहे."

त्यांनी तिच्यासमोर चाक उघडलं, चिमट्याने वॉशर काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो बोटांत धरून उलटसुलट करून पाहिला.

"पेडल चटकन पकडतंय असं मला वाटलं होतं," ती म्हणाली. "मग म्हटलं, भित्र्या माणसाला सायकलच वाकडी दिसणार."

त्या दिवशी ती त्यांच्याशी त्यानंतर एक शब्द बोलली नाही. वॉशर मात्र खिशात घालून घेऊन गेली. शुक्रवार-शनिवारही तसेच गेले. रविवारी सकाळी ती दारात थांबून म्हणाली, "चला. पायऱ्यांखाली उभं राहा. मी मागे वळून बघते तिथे मला कुणीतरी ओळखीचं हवं."

घड्याळजी उभे राहिले. वरून सायकल उलटी येऊ लागली. तिची मान वळलेली, नजर थेट त्यांच्यावर, पेडलं जागच्या जागी. मागचं चाक कडेवरून सुटलं. मग दोन चाकं जमिनीवर टेकल्याचा आवाज आला आणि मैत्रिणींनी एकच गलका केला.

"बाबा," अगदी जवळून भिंगरीचा आवाज आला, "डोळे उघडा."

त्यांनी उघडले. ती समोर धापा टाकत हसत होती. तिने खिशातून वॉशर काढला आणि त्यांच्या मुठीत दिला.

"हा तुमचाच आहे, तुम्हीच सांभाळा," ती म्हणाली आणि सायकल फिरवून पुन्हा पायऱ्यांकडे निघाली. "आता परत येते. या वेळी बघायचं."

वॉशर मुठीत घट्ट धरून घड्याळजींनी या वेळी बघितलं.